तिसरी पिन आणि जांभ्याची जमीन

गणपतीला राजापूरकडच्या घरी पोचलो की मी आधी न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या रॉडचा प्लग बघतो. यंदा त्याची वरची जाड पिन पक्कडीने मोडलेली होती, कारण बोर्डाला भोकं दोनच. "त्याला काय होतंय? एमसीबी आहे ना," चुलतभाऊ म्हणाला. पुढचं सगळं त्या 'एमसीबी आहे ना'वरून सुचलेलं.

एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, माणसासाठी नसतो, तारांसाठी असतो. ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह वाहून तारा तापू नयेत, आग लागू नये, म्हणून तो पडतो. माणसाचा जीव मात्र अँपिअरच्या विसाव्या भागानेही जाऊ शकतो, तो काही सेकंद छातीतून गेला तर. 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढ्याशा प्रवाहाचा पत्ताही लागत नाही.

मोडलेली पिन अर्थिंगची. रॉडच्या आतली तार बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटली, तर वीज त्या पिनेतून जमिनीत जावी, इतका प्रवाह वाहावा की एमसीबी पडेल, अशी मूळ योजना. पण जमीन कुठली? आमच्याकडे जांभा, कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात भिजलेला असतो तोवर ठीक, पण पाणी भराभर झिरपून जातं आणि एप्रिल-मेमध्ये सड्यावरचा कातळ खडखडीत कोरडा पडतो. अशा जमिनीतून वीज नाखुशीने जाते. समजा, त्या वाटेत एकूण 100 ओहमचा विरोध आहे. 230 भागिले 100, म्हणजे 2.3 अँपिअर. 1500 वॅटचा रॉड स्वतः साडेसहा घेतो. बेरीज नऊच्याही आत. एमसीबी स्वस्थ, आणि नळीवर वीज तशीच. पिन मोडलेली असेल तर एवढीही वाट नाही. बादलीत हात घालणारा माणूसच मग अर्थिंगची तार होतो.

इथे माझी लाडकी डबी येते: आरसीसीबी, विजेची गळती ओळखून वीज तोडणारी. जुने वायरमन तिला ईएलसीबीच म्हणतात. किती प्रवाह वाहतो याच्याशी तिला देणंघेणं नाही. गेला तेवढा परत आला का, एवढंच ती बघते. वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल या दोन्ही तारा तिच्यात चुंबकीय धातूच्या एकाच कड्यातून ओवलेल्या असतात. फेजमधून 6.5 अँपिअर गेले आणि न्यूट्रलमधून 6.5 परत आले, तर दोघांची चुंबकक्षेत्रं उलट दिशेची असल्याने एकमेकांना खाऊन टाकतात. कडं शांत. पण त्यातले 30 मिलिअँपिअर वाट चुकून कुणाच्या अंगातून जमिनीत गेले, की हिशेब जुळत नाही. उरलेल्या फरकाने कड्यात चुंबकत्व जागं होतं. ते सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होत असल्याने कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात चिमूटभर वीज तयार होते.

एवढ्याशा विजेने खटका कसा ओढायचा? ओढायचा नसतोच! आत एक कायमचा चुंबक ताणलेल्या स्प्रिंगला जेमतेम धरून बसलेला असतो. वेटोळ्यातली वीज त्याची पकड क्षणभर ढिली करते, बाकीचं काम स्प्रिंग करते. बाहेरून वीज लागत नाही. गळतीच स्वतःला पकडून देते. गळती 30 मिलिअँपिअरच्या पाचपट असेल तर प्रमाणित डबी 40 मिलिसेकंदांत वीज तोडते. झटका बसतो, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरलीत, तर मात्र तिच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब.

विहिरीच्या पंपाला हात लावला की अंगाला मुंग्या येतात, म्हणजे जागेचा राखणदार देव रागावलाय, असं सांगणारे अजून भेटतात; त्या मुंग्याही गळतीच्याच. गाऱ्हाणं जरूर घाला, पण आधी मेन स्विच बंद करा.

पाणी तापवायचा रॉड आयएसआय मार्कशिवाय विकता येत नाही. मार्काजवळचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. तरीही बिनमार्काचे रॉड बाजारात दिसतात, हा सरकारी तपासणीतला ढिलेपणा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादक, विक्रेता आणि ती बसवणारा-दुरुस्त करणारा अशा सगळ्यांना जाब विचारता येतो. मात्र त्याच कायद्यानुसार, इजेच्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. म्हणजे आमच्या घरात पक्कड फक्त पिनेवर चालली नव्हती.

डबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते मुद्दाम थोडी गळती घडवून आणतं. समुद्राकडच्या खारट, दमट हवेत आतली नाजूक यंत्रणा चिकटू शकते, म्हणून महिन्यातून एकदा ते दाबावं. आमच्या बोर्डावर आरसीसीबी आहे हे आठवलं, चुलतभावाला समोर उभं केलं आणि ऐटीत बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मेन बंद करून झाकण काढलं, तर दोन्ही तारा डबीला वगळून थेट जोडलेल्या.

"अरे, पावसात तो सारखा पडायचा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. "गेल्या गणपतीत घरभर माणसं आणि दर तासाला काळोख. वायरमनला सांगून डायरेक्ट करून घेतला."

पावसात पडायचा, म्हणजे कुठल्यातरी ओल्या भिंतीतून खरंच गळती होती. ती शोधायला आरतीनंतर माळ्यावर चढलो.