हाउसबोटीचा गोठलेल्या पाण्यातील हिवाळा

पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या तळाची हाउसबोट थंडीत किनाऱ्यावर ओढून न घेता, भोवतीचे पाणी गोठू देऊन कालव्यात, नदीत किंवा तळ्यातच बांधून ठेवण्याची पद्धत.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, म्हणून बर्फ नौकेला चिरडून टाकील अशी भीती नवख्या मालकाला वाटते. परंतु पाण्याची घनता ४° से. तापमानाला सर्वाधिक असल्याने त्याहून थंड पाणी वर राहते, बर्फ पृष्ठभागावरच धरतो आणि खालचे पाणी द्रवरूप राहिल्यामुळे बर्फाच्या थराला वरखाली सरकण्यास वाव मिळतो. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवरील नौकांचा पत्रा बाजूंना साधारण ६ मिमी. आणि तळाला १० मिमी. जाड असतो, शांत पाण्यातला पातळ बर्फ त्याला सहसा वाकवत नाही. हलत्या बर्फाची गोष्ट वेगळी. वाऱ्याने किंवा प्रवाहाने सरकणाऱ्या लाद्या पाणरेषेवरचा डांबरी लेप खरवडतात आणि उघड्या पडलेल्या पोलादावर गंज चढू लागतो. बर्फ फोडत नौका हाकल्यासही हेच होते. शिवाय ढकलल्या गेलेल्या लाद्या शेजारच्या लाकडी वा फायबरच्या नौकांना इजा करतात. काही ठिकाणी नौकेभोवती हवेचे बुडबुडे सोडून तळाचे किंचित उबदार पाणी वर आणतात, पण उथळ कालव्यात तशी ऊब फारशी उरलेली नसते.

खरे नुकसान बहुधा नौकेच्या आत होते. नळ, पंप, पाणी तापवण्याची टाकी आणि बाहेरचे पाणी खेचून इंजिन थंड करणारी नळी यांत अडकलेल्या पाण्याला प्रसरणासाठी जागा नसते. म्हणून ही सारी व्यवस्था रिकामी करून नळ उघडे ठेवतात आणि जेथून पाणी पूर्ण निघत नाही तेथे गोठणरोधक द्रव भरतात. पाणरेषेखालच्या झडपेला तडा गेला, तर त्यातला बर्फच बुचासारखा बसतो आणि गळती झाकली जाते. त्यामुळे नौका कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर बर्फ वितळल्यावर बुडण्याचा संभव असतो. तळात साचलेले पाणी उपसणारा पंप तेव्हा चालायला हवा, आणि तो बॅटरीवर अवलंबून असतो. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरी −५०° से. तापमानालाही गोठत नाही, उतरलेली मात्र −१०° से.च्या आसपास गोठून फुटू शकते.