११७ टेस्ट, २ ट्राय आणि एक जाड मान

२ नोव्हेंबर २०१९, शनिवार, आपल्याकडे दुपारचे अडीच. जेवण जरा जास्तच झालेलं, टीव्हीवर योकोहामाला रग्बी वर्ल्ड कपची फायनल सुरू, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मला तेव्हा रग्बीतलं एवढंच कळायचं की बॉल अंड्यासारखा असतो आणि पुढे पास करायचा नसतो. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा काइल सिंकलर डोक्याला मार लागून बाहेर गेला, त्याच्या जागी डॅन कोल आला, आणि मग पुढचा अर्धा तास एकच गोष्ट परत परत होत राहिली. दोन्हीकडचे आठ आठ जण खाली वाकून एकमेकांत डोकी घालायचे (याला स्क्रम म्हणतात), इंग्लंडची बाजू चुरगळायची, शिट्टी वाजायची, आणि आफ्रिकेचा हँड्रे पोलार्ड येऊन किक मारून तीन पॉइंट घेऊन जायचा. मला वाटलं हिरो पोलार्डच. कॉमेंट्रीवाले मात्र दुसऱ्याच एका नावाचं कौतुक करत होते, जर्सी नंबर १, तेंडाई म्तावारिरा, टोपणनाव बीस्ट.

नंतर त्याचं करिअर बघितलं तर ११७ टेस्ट, म्हणजे आंतरराष्ट्रीय मॅच, दक्षिण आफ्रिकेच्या कुठल्याही प्रॉपपेक्षा जास्त, आणि त्या सगळ्यात मिळून ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं, त्याचे पाच पॉइंट) किती, तर २. म्हणजे अकरा वर्षं देशासाठी खेळून स्कोअरबोर्डवर दहा पॉइंट. मग हा माणूस नक्की करत काय होता?

प्रॉप म्हणजे टेकू. घराच्या स्लॅबखाली सेंट्रिंगचे खांब असतात ना, तसा. स्क्रममध्ये पहिल्या रांगेत तिघं असतात, मधला हुकर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप. डावीकडचा १ नंबर म्हणजे लूजहेड, त्याच्या डोक्याची बाहेरची बाजू मोकळी असते. उजवीकडचा ३ नंबर म्हणजे टाइटहेड, त्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकलेलं, म्हणजे समोरचा लूजहेड पण त्याच्यावर आणि समोरचा हुकर पण त्याच्यावर. मागून पाच जण ढकलतात, समोरून आठ जण ढकलतात, आणि मध्ये हे तिघं. बीस्ट लूजहेड होता, त्याचं काम समोरच्या टाइटहेडच्या छातीखाली शिरून त्याला वर उचकटायचं.

गंमत म्हणजे तो प्रॉप नव्हताच मुळात. जन्म १९८५ चा, झिम्बाब्वेतल्या हरारेचा. बीस्ट हे नाव शाळेतच पडलेलं. डर्बनच्या शार्क्स टीमकडे आला तेव्हा तो मागच्या रांगेत खेळायचा, म्हणजे जिथे पळता येतं, बॉल हातात घेता येतो, लोक टाळ्या वाजवतात. कोच डिक म्यूरने त्याला सांगितलं की पुढे प्रॉप म्हणून खेळ. मी त्याच्या जागी असतो तर रुसलो असतो. त्याने ऐकलं आणि जून २००८ मध्ये वेल्सविरुद्ध स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या टीमच्या, जर्सीत उतरला पण.

आता त्या पहिल्या रांगेवर किती जोर येतो ते बघू. इंग्लंडमधल्या बाथ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी स्क्रम मशीनला सेन्सर लावून हे मोजलं. आंतरराष्ट्रीय पातळीच्या पुरुष टीमने मशीनवर धडक मारली की त्या पहिल्या क्षणी जोर जायचा साधारण १६.५ किलोन्यूटनपर्यंत. किलोन्यूटन डोळ्यासमोर येत नाही म्हणून वजनात सांगतो, जवळपास पावणेदोन टन. जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोची, म्हणजे अडीच मारुत्या. धडक ओसरल्यावर जो सलग रेटा राहतो तो सुद्धा ८ किलोन्यूटनच्या वर, म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास, आणि हे तीन माणसांच्या खांद्यांवरून, मानेवरून, पाठीतून जातंय. खऱ्या मॅचमध्ये समोर मशीन नसतं, तितकेच चिडलेले आठ जण असतात.

इथे एक मस्त गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये खेळाडूंना आधी एकेकट्याने ढकलायला लावलं आणि नंतर आठ जण मिळून, तर आठ जणांचा एकत्र जोर हा एकेकट्याच्या बेरजेच्या फक्त ६५ टक्के वगैरे भरला. बाकीचा जातो कुठे? वाकड्या पाठीत, घसरलेल्या पायात, अर्ध्या सेकंदाने उशिरा ढकलण्यात. जोर जमिनीतून येतो, बुटाच्या खिळ्यांनी मातीला मागे रेटायचं म्हणजे माती तुम्हाला पुढे रेटते, न्यूटनचा तिसरा नियम, आणि तो जोर घोटा, गुडघा, कंबर, पाठ, खांदा अशा साखळीतून समोरच्यापर्यंत पोचायचा असतो. गुडघा काटकोनापेक्षा थोडा उघडा, १२० अंशाच्या आसपास, पाठ टेबलासारखी सपाट. पाठीला जरा बाक आला की जोर पुढे जायच्या ऐवजी वर किंवा खाली फुटतो. म्हणून मागचे कितीही तगडे असू देत, प्रॉपची पाठ वाकली की मागच्यांची मेहनत वाया. पाइप फुटल्यावर टाकीत कितीही पाणी असून काय उपयोग, तसं.

हे समजल्यावर २००९ ची डर्बनची मॅच परत बघितली आणि आता कुठे ती कळली. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडची मिळून एक टीम, दौऱ्यावर आलेले, पहिली टेस्ट २० जूनला, बीस्टच्या समोर इंग्लंडचा फिल व्हिकरी, वर्ल्ड कप जिंकलेला अनुभवी टाइटहेड. बीस्ट त्याच्या छातीखाली शिरतो, थोडा आत वळतो, आणि व्हिकरीचे पाय जमिनीवर असूनही नसल्यासारखे होतात, कारण वर उचलला गेलेला माणूस मातीवर दाब देऊ शकत नाही आणि दाब नाही तर पकड नाही. पेनल्टीवर पेनल्टी गेल्या, सेकंड हाफ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात व्हिकरीला बाहेर काढलं, आफ्रिका २६-२१ जिंकली. पण दोन आठवड्यांनी तिसऱ्या टेस्टला तोच व्हिकरी परत त्याच्यासमोर उभा राहिला आणि लायन्स २८-९ ने जिंकले. एका मॅचवरून कुणाला राजा करायचं नाही हे प्रॉप लोकांना चांगलं माहीत असतं.

बीस्टचं करिअर दोन वेगवेगळ्या स्क्रममध्ये गेलं हे पण लक्षात घ्या. तो आला तेव्हा दोन्ही पॅक, म्हणजे दोन्हीकडचे आठ आठ जण, थोडं अंतर ठेवून उभे राहायचे आणि रेफरीने सांगितलं की एकमेकांवर आदळायचे. धडक जिंकली की निम्मा स्क्रम जिंकला. २०१३ पासून पद्धत बदलली, आधी वाका, मग समोरच्या प्रॉपची जर्सी हाताने धरा, आणि मगच भिडा. धरलेलं असल्यामुळे अंतर कमी, अंतर कमी म्हणजे वेग कमी, आणि बाथच्याच मोजमापात धडकेचा जोर साधारण पाव भागाने उतरला. ज्यांचा सगळा खेळ धडकेवर होता ते मागे पडले, ज्यांना सलग रेटा टिकवता येत होता ते पुढे आले. बीस्ट दोन्हीत टिकला, माझ्या मते ११७ पेक्षा ही गोष्ट मोठी.

आता शरीराकडे येऊ. वजन ११५ किलोच्या आसपास, उंची सहा फूट, बीएमआय काढला तर ३४, कुठलाही डॉक्टर चार्ट बघून सांगेल की काका, भात कमी करा. सध्याचा स्प्रिंगबॉक लूजहेड ऑक्स न्चे तर सॅलड खाऊन स्क्रम जिंकता येत नाहीत असं म्हणाला आणि ते वाक्य टीशर्टावर जावं इतकं फेमस झालं. पण नुसतं वजन असून भागत नाही, ते वजन खाली बसून, पाठ सपाट ठेवून, श्वास रोखून ढकलायचंय.

श्वास रोखून हे महत्त्वाचं. जड काहीतरी उचलताना आपण सगळेच श्वास कोंडतो, त्याने धड कडक होतं, पण रक्तदाब भयानक चढतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत काही बॉडीबिल्डर लोकांच्या धमनीत थेट नळी घालून दोन्ही पायांनी वजन ढकलताना बीपी मोजलं, सरासरी ३२०/२५० आलं, आणि एकाचं तर ४८०/३५०. आपण १४०/९० ला गोळी सुरू करतो! काही सेकंदांपुरतंच असतं ते, आणि सवयीचं शरीर ते झेलतं, हृदयाच्या भिंती हळूहळू जाड होतात. बीस्टला स्वतःला छातीत धडधडीचा त्रास होता, करिअरमध्ये एकाहून जास्त वेळा हॉस्पिटलात जावं लागलं, उपचार घेऊन परत आला. त्याचा त्रास स्क्रममुळेच झाला असं कुणी म्हणू नये, हृदयाच्या ठोक्यांची गडबड हा विजेच्या वायरिंगचा मामला असतो आणि तो बारीक माणसालाही होतो.

कान बघा कधी प्रॉपचे. आपल्या कोल्हापूरच्या तालमीतल्या जुन्या पैलवानांसारखेच, सुजून कडक झालेले, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. कारण पण तेच. कानाच्या कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ पडद्यातून तिला अन्न मिळतं. कान सतत घासला, चेमटला की पडदा सुटतो, मध्ये रक्त साठतं, कुर्चेची उपासमार होते आणि त्या जागी वेडीवाकडी कडक पेशी भरते. वेळेत रक्त काढलं तर वाचतो कान, पण काढतो कोण, दोघांनाही ते मेडलसारखं वाटतं.

आणि मान. पैलवान डोकं मातीत टेकवून मानेवर सगळं अंग तोलतात, प्रॉप पण मानेला पट्टा लावून वजनं ओढतात, हेतू एकच. मानेचे सात मणके सरळ रेषेत नसतात, त्यांना पुढच्या बाजूला हलकासा बाक असतो, त्या बाकामुळे डोक्यावर आलेला जोर स्नायूंमध्ये वाटला जातो. हनुवटी छातीकडे घेऊन मान साधारण ३० अंश वाकवली की बाक जातो, मणके काठीसारखे एका ओळीत येतात, आणि अशा वेळी डोक्यावर जोर आला तर काठी मध्येच मोडते. म्हणून कोच ओरडत असतात, हनुवटी वर, नजर वर. स्क्रम कोसळतो तेव्हा नेमकं उलटं होतं, डोकं खाली, मान वाकलेली आणि मागून पाच जणांचा रेटा चालूच.

प्रॉप उशिरा पिकतो असं म्हणतात ते यामुळेच. पळण्याचा वेग पंचविशीनंतर घसरायला लागतो पण ताकद तिशी ओलांडली तरी टिकते, आणि मानेचे स्नायू, कंडरा हे वर्षानुवर्षं लोड घेऊन घट्ट होतात. ऑस डु रांट हा आफ्रिकन लूजहेड १९९५ चा वर्ल्ड कप जिंकला, गुडघ्याने दगा दिला म्हणून मध्ये काही वर्षं खेळणंच सोडलं, मग परत आला आणि २००७ चा पण जिंकला, वय ३५. योकोहामाला बीस्ट ३४ चा होता. दरम्यान २०१० मध्ये पासपोर्ट झिम्बाब्वेचा म्हणून याला खेळवायचं की नाही असा वाद झाला, त्याच वर्षी नागरिकत्व मिळालं आणि विषय संपला.

तर परत फायनलकडे. सेकंड हाफ सुरू होऊन चारेक मिनिटं झाली आणि बीस्टला बाहेर बोलावलं, जखम नाही काही नाही, छान खेळत होता. मी म्हटलं वेडे आहेत का हे! पण त्यात शहाणपणा होता. स्नायू आकसून तसाच धरून ठेवला की तो आतल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतो, रक्त येत नाही, ऑक्सिजन येत नाही, कचरा साठत जातो, म्हणून न पळताही प्रॉप दमतो. आफ्रिकेने सरळ दोन पहिल्या रांगा ठेवलेल्या, बेंचवर आठपैकी सहा फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये ढकलणारे, त्यांना नाव पडलं बॉम्ब स्क्वॉड. आता विचार करा कोलचा, सिंकलर तिसऱ्या मिनिटाला गेल्यामुळे त्याला जवळपास सगळी मॅच खेळायची होती, आधी बीस्ट झेलला आणि मग ताजातवाना माणूस समोर. ३२-१२ ने संपली मॅच, त्यातले २२ पॉइंट पोलार्डचे, आणि ट्राय मारले मापिम्पी आणि कोल्बे या विंगवरच्या दोघांनी. प्रॉपच्या नावावर शून्य, नेहमीप्रमाणे. बीस्टने त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय रग्बीला रामराम केला.

त्याच्या जागी जो ताजातवाना आला तो स्टीव्हन किटशॉफ, लाल केसांचा. हा २०२३ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममध्ये पण होता, एकूण ८३ टेस्ट, सगळे धरून चाललेले की बीस्टचा आकडा हाच गाठणार. सप्टेंबर २०२४ मध्ये करी कप या दक्षिण आफ्रिकेतल्याच स्पर्धेच्या एका मॅचमध्ये त्याच्या मानेला मार लागला, वरचे दोन मणके, पहिला आणि दुसरा, मोडले. हे दोन बाकीच्या पाचांसारखे नाहीत. पहिला म्हणजे एक कडं, ज्यावर कवटी बसते, आणि दुसऱ्याला वर एक खुंटी असते, जात्याच्या खुंट्यासारखी, तिच्याभोवती ते कडं फिरतं. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं निम्मं वळण या एकाच सांध्यात होतं. आणि खुंटीच्या मागे लगेच मज्जारज्जू, श्वास घ्यायचा हुकूम घेऊन खाली जाणारा, ती तुटून मागे सरकली तर संपलं. किटशॉफ चालत राहिला, ऑपरेशन झालं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बत्तीस-तेहतीसच्या वयात, म्हणजे प्रॉपच्या हिशेबात ऐन उमेदीत, त्याने थांबत असल्याचं जाहीर केलं.

दक्षिण आफ्रिकेत या मानेची आठवण जुनी आहे. १९८० मध्ये क्रिस बर्गर नावाचा वेस्टर्न प्रॉव्हिन्सचा खेळाडू मॅचमध्ये मान मोडून गेला, त्याच्या नावाने जखमी खेळाडूंसाठी फंड निघाला, आणि २००९ पासून तो फंड आणि तिथलं रग्बी बोर्ड मिळून बोकस्मार्ट नावाचा कार्यक्रम चालवतात. कोच आणि रेफरी लोकांना त्याचा कोर्स करावाच लागतो, एकदा करून सुटका नाही, ठरावीक काळाने परत बसायचं. शाळेच्या ग्राउंडवर तेरा-चौदा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा १ नंबरची जर्सी देण्याआधी त्याला शिकवायच्या गोष्टींत ढकलणं नंतर येतं, आधी हनुवटी.