जुन्या पिकअप ट्रकचा ब्रेक मास्टर सिलिंडर

पायाने ब्रेक पॅडलवर दिलेला जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा पंप म्हणजे मास्टर सिलिंडर. अमेरिकेतील जुने शेव्हरोले, जीएमसी आणि फोर्ड पिकअप आजही मोठ्या संख्येने दुरुस्त होऊन रस्त्यावर येतात. या कामात मास्टर सिलिंडर निवडणे आणि त्याचे पाइप जोडणे याइतकी जोखमीची दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

शेव्हरोलेने १९३६ मध्ये आणि फोर्डने १९३९ मध्ये हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारले. त्यानंतर सुमारे तीन दशके पिकअपमध्ये एक टाकी, एक पिस्टन आणि चारही चाकांना मिळून एकच लाइन अशी रचना होती. एका चाकाचा रबरी होज फुटला की पॅडल थेट फरशीला टेकायचे आणि चारही ब्रेक एकदम जायचे. कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स यांनी १९६२ मध्ये मोटारींना दुहेरी मास्टर सिलिंडर दिला. शेव्हरोले, जीएमसी आणि फोर्डच्या पिकअपना तो १९६७ च्या मॉडेलपासून मिळाला. यात दोन पिस्टन एकामागे एक बसवलेले असतात. पुढच्या चाकांचे ऑइल वेगळे, मागच्यांचे वेगळे. एक बाजू गळाली तर तिचा पिस्टन पुढे जाऊन टेकतो आणि दुसरी बाजू काम करत राहते. पॅडल खूप खाली जाते, पण गाडी थांबते. त्यामुळे १९६७ पूर्वीच्या ट्रकमध्ये रंगकाम आणि इंजिनाच्या आधी हा बदल करावा. मूळपणा जपण्याच्या हौसेपोटी एकेरी सिलिंडर ठेवणे समर्थनीय नाही.

निवडीचा कणा म्हणजे बोअर, म्हणजेच सिलिंडरचा आतला व्यास. इथे हमखास गल्लत होते, कारण मोठा सिलिंडर म्हणजे जोरकस ब्रेक असे वाटते आणि घडते नेमके उलटे. समजा पायाचा जोर ३० किलो आणि पॅडलचे गुणोत्तर, म्हणजे पॅडलची तरफ जोर जितक्या पटीने वाढवते तो आकडा, ६ आहे. मग पुशरॉडवर, म्हणजे पॅडलपासून पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्यावर, १८० किलो जोर येतो. एक इंच बोअरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर असते, म्हणून दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो मिळतो. तोच जोर सात अष्टमांश इंचाच्या बोअरवर सुमारे ४६ किलो दाब देतो आणि एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाच्या बोअरवर जेमतेम २८. मात्र लहान बोअर तेवढ्याच हालचालीत कमी ऑइल ढकलतो, म्हणून पॅडल जास्त खाली जाते. ऑइल किती लागणार हे चाकांकडचे कॅलिपर (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) आणि व्हील सिलिंडर (ड्रम ब्रेकचे शू पसरवणारा भाग) ठरवतात. म्हणून हिशेब चाकांपासून सुरू करून पॅडलपर्यंत यावा. बुस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारे यंत्र, नसेल तर गुणोत्तर ६ च्या आसपास आणि बोअर एक इंच किंवा त्याहून थोडा कमी ठेवतात. बुस्टर असेल तर गुणोत्तर ४ च्या आसपास चालते आणि मोठा बोअरही पेलतो.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवल्यावर ड्रम ब्रेकच्या काळातला सिलिंडर तसाच ठेवू नये. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमध्ये ऑइल वाढत जाते, म्हणून डिस्कच्या बाजूची टाकी मोठी लागते. शिवाय ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत पाइपच्या तोंडाशी रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब राखतो, त्यामुळे व्हील सिलिंडरचे रबरी कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा शिरत नाही. डिस्कच्या लाइनवर एवढा दाब राहिला तर पॅड घासत राहतात आणि चाक तापते. तिथून तो व्हॉल्व्ह काढावाच लागतो.

१९४७ ते १९५५ च्या शेव्हरोले पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर फरशीखाली, चासीवर आहे. तिथे टाकी कॅलिपरच्या पातळीखाली राहू शकते आणि ऑइल उलटे वाहून येते. असे असेल तर डिस्कच्या लाइनवर २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह घालतात.

पाइप दुहेरी भिंतीच्या पोलादाचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा असावा, व्यास बहुधा तीन षोडशांश इंच. साधा तांब्याचा पाइप आणि नळकामातले कॉम्प्रेशन जोड ब्रेकवर वापरू नयेत. जुन्या अमेरिकी फिटिंगला ४५ अंशांचा डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेले पाइपचे टोक, लागतो. नव्या गाड्यांतला गोलसर टोकाचा बबल फ्लेअर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण दाबाखाली गळतो. सिलिंडर केबिनच्या भिंतीवर असेल तर केबिन आणि चासी वेगवेगळ्या हलतात, म्हणून पाइपला तिथे वळसे ठेवतात. कोणते तोंड पुढच्या चाकांचे हे त्या सिलिंडरच्या माहितीपत्रकावरून ठरवावे. टाकीच्या आकाराने किंवा जागेवरून अंदाज बांधू नये.

गाडीवर चढवण्यापूर्वी सिलिंडर शिकंज्यात आडवा पकडून, तोंडांपासून टाकीत परत येणाऱ्या नळ्या लावून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबून हवा काढतात. बसवल्यावर पुशरॉड आणि पिस्टन यांत सुमारे दीड मिलिमीटर मोकळीक लागते. ती नसेल तर ऑइल परतण्याचे बारीक भोक झाकले जाते, तापलेले ऑइल फुगते आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. तपासणी सोपी आहे: टाकीचे झाकण उघडून दुसऱ्याला पॅडल अगदी हळू दाबायला सांगावे. दाबायला लागताच टाकीत ऑइलची छोटी उसळी दिसली तर भोक मोकळे आहे. डोळे मात्र जपावेत. ब्रेक ऑइल रंगही खाते, म्हणून सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. ब्रेक ऑइलच्या प्रतींपैकी सिलिकॉनचे डॉट ५ हे डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये.

पिकअपचा खास प्रश्न मागच्या चाकांचा. ब्रेक दाबताच वजन पुढे सरकते आणि रिकामा हौदा हलका असल्याने मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. त्यासाठी मागच्या लाइनवर प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून दाबाची वाढ आवरतात. फिरवून जुळवता येणारा व्हॉल्व्ह असेल तर कोरड्या, मोकळ्या जागेत, हौदा रिकामा ठेवून तो जुळवावा. पुढची चाके मागच्यांच्या किंचित आधी लॉक झाली की जुळणी बरोबर. माल भरल्यावर मागे जास्त दाब चालतो, पण माल उतरताच व्हॉल्व्ह पुन्हा मूळ जागी आणावा लागतो.