न्यूयॉर्कचं डाउनटाउन नेमकं कुठलं?

मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या आसपास आपल्याकडच्या खानावळी आणि मसाल्यांची दुकानं आहेत. तिथे डोसा हाणून मी वॉल स्ट्रीट बघायला निघालो. जवळच्या सबवे स्टेशनावर दोन्ही दिशांच्या गाड्यांसाठी वेगवेगळे जिने, तेही रस्त्याच्या दोन बाजूंना. एकावर ‘अपटाउन’, दुसऱ्यावर ‘डाउनटाउन’. मी मुंबईचा. आमच्याकडे ‘अप’ गाडी म्हणजे सीएसएमटीकडे किंवा चर्चगेटकडे जाणारी, म्हणजे दक्षिणेला, जुन्या शहराकडे. वॉल स्ट्रीटही दक्षिणेला, जुन्या शहरातच. मग अपच की! बेधडक अपटाउनच्या जिन्याने उतरलो.

दुसऱ्याच स्टेशनावर निम्मा डबा रिकामा झाला, म्हणून सवयीने मीही उतरलो. बाहेर येतो तर डोक्यावर क्रायस्लर बिल्डिंग आणि चहूकडे मान मोडेल इतक्या उंच इमारती. आलं म्हटलं डाउनटाउन, म्हणजे शहराचा मुख्य व्यापारी भाग. फोटो काढला आणि ‘न्यूयॉर्क डाउनटाउन’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. न्यू जर्सीतल्या मामेभावाचा लगेच मेसेज: “अरे, हे मिडटाउन आहे. डाउनटाउन तिथून पाच-सहा किलोमीटर खाली. उलट्या गाडीत बसलास.”

हा घोळ माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेतलं सगळ्यात भारी डाउनटाउन कुठलं, असा वाद निघाला की न्यूयॉर्कला डोळे झाकून पहिला नंबर मिळतो. पण नंबर देणाऱ्याच्या मनात असतं काय? एम्पायर स्टेट, टाइम्स स्क्वेअर, ग्रँड सेंट्रल. यातलं एकही डाउनटाउनमध्ये नाही. सगळा मिडटाउनचा माल.

डाउनटाउन हा शब्दच मुळात न्यूयॉर्कचा. सतराव्या शतकात डचांनी मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला वस्ती केली आणि शहर तिथून उत्तरेकडे सरकत गेलं. नकाशात उत्तर वर, म्हणून नवी वस्ती ती ‘अप’ आणि जुनी ती ‘डाउन’. आपल्या रेल्वेचं गणित नेमकं उलटं: मुख्य स्टेशनाकडे जाणं म्हणजे अप. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, मधे मरतो तो मुंबईकर.

त्यात न्यूयॉर्कमध्ये या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दिशा, एक जागा. बेटाच्या उत्तरेला हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर राहणारा माणूस मिडटाउनमधल्या ऑफिसला जायला ‘डाउनटाउन’ गाडीच पकडतो, पण डाउनटाउनला जात नाही. जागा म्हणून डाउनटाउन कुठे सुरू होतं, याबद्दल तिथल्यांचंही एकमत नाही. ढोबळ बोलायचं तर चौदाव्या रस्त्याच्या खाली सगळं डाउनटाउन. पण ऑफिसं, बँका, शेअर बाजार असं खरंखुरं व्यापारी डाउनटाउन म्हणजे चेंबर्स स्ट्रीटच्या दक्षिणेचा तुकडा. मिडटाउन साधारण चौतिसाव्या रस्त्यापासून एकोणसाठाव्यापर्यंत, सेंट्रल पार्क लागेतो.

दोन्हींतला फरक पायाला आधी कळतो. मिडटाउनमध्ये रस्ते पाटीवरच्या पाढ्यासारखे: बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. १८११च्या आराखड्याने बेटावर काटकोनी चौकटी आखून ठेवल्या, त्यामुळे आकडे येणारा माणूस हरवूच शकत नाही. डाउनटाउन त्याआधीचं. तिथे गल्ल्या वाकतात, तिरक्या जातात, अचानक संपतात, आणि उंच भिंतींमध्ये फोनवरचा निळा ठिपकाही भिरभिरतो. पण नावं वाचत चाललात तर जुनं शहर दिसायला लागतं. वॉल स्ट्रीट म्हणजे डचांनी १६५३ मध्ये बांधलेल्या तटबंदीची जागा. ब्रॉड स्ट्रीट एवढा रुंद कसा, तर तिथे पूर्वी कालवा होता. पर्ल स्ट्रीट आज पाण्यापासून आत आहे, एके काळी तो किनारा होता. पुढची सगळी जमीन भराव घालून केलेली. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग एकाच बेटावर गगनचुंबी इमारतींचे दोन घोळके का? आणि मधल्या भागात बुटकी घरं का? याचं एक उत्तर गाइड मोठ्या खुबीने सांगतात: कठीण खडक दोन्ही टोकांना जमिनीलगत आहे, मधे तो खोल जातो, म्हणून मधे उंच बांधता आलं नाही. ऐकायला झकास आहे, पण टिकत नाही. जेसन बार या अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर जुन्या इमारती आणि त्यांच्याखालच्या खडकाची खोली ताडून पाहिली. निष्कर्ष असा की, खडकाने मिडटाउन घडवलं नाही. सिटी हॉलजवळ खडक खोल असूनही १९१३ मध्ये २४१ मीटर उंचीची वूलवर्थ बिल्डिंग उभी राहिलीच. पाया खोल नेला, पैसे जास्त घातले, झालं.

खरं कारण आगगाडीचं. वाफेच्या इंजिनांना बेचाळिसाव्या रस्त्याच्या दक्षिणेला येऊ देत नसत, म्हणून १८७१ मध्ये मोठं स्टेशन तिथेच झालं. आजचं ग्रँड सेंट्रल त्याच जागी आहे, १९१३ चं. पश्चिमेला पेन स्टेशन १९१० मध्ये सुरू झालं. दुकानंही वर सरकत होती: मेसीज १९०२ मध्ये चौतिसाव्या रस्त्यावर आलं. उपनगरातला बाबू सकाळी जिथे उतरतो, तिथे त्याचं ऑफिस येणारच. फोर्टातून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात गेलेल्या कंपन्या आठवा. फक्त लोकलने बीकेसीला जाणाऱ्याला स्टेशनाबाहेर रिक्षा शोधावी लागते.

आणखी एक फरक मान वर करून बघण्यासारखा. डाउनटाउनमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेली आणि शेजारच्यांचं ऊन गेलं. पुढच्याच वर्षी शहराने नियम केला: ठरावीक उंचीनंतर इमारत पायऱ्यापायऱ्यांनी मागे घ्यायची. मिडटाउनचा मोठा भाग त्यानंतर बांधला गेला, म्हणून एम्पायर स्टेटसह तिथल्या जुन्या उंच इमारती मजल्यांच्या केकसारख्या वर निमुळत्या होत जातात. डाउनटाउनमध्ये काही ठिकाणी भरदुपारीसुद्धा विहिरीच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटतं. देशातली सर्वांत उंच इमारत, ५४१ मीटरची वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, मात्र डाउनटाउनकडेच आहे. एवढा एक हुकमी पत्ता त्यांच्या हातात.

आता हीच नावं दुसऱ्या शहरांनी उचलली आणि खरी गंमत झाली. ह्यूस्टनमध्ये डाउनटाउन आहे, मिडटाउन आहे आणि अपटाउनही आहे. पण डाउनटाउनमधून मिडटाउन ओलांडून पुढे गेलं की अपटाउन येईल, असं समजून गाडी हाकलीत तर भलतीकडेच पोचाल. अपटाउन पश्चिमेला साधारण दहा किलोमीटरवर, गॅलेरिया मॉलभोवती आहे. तिथे १९८३ साली उभा राहिलेला २७५ मीटरचा विल्यम्स टॉवर बघून नवखा माणूस हमखास म्हणतो, हेच डाउनटाउन. अटलांटात तर सगळ्यात उंच इमारत डाउनटाउनची की मिडटाउनची, असा प्रश्न पडावा अशा सांध्यावर उभी आहे. फिलाडेल्फियात उलट कथा: गाव जुनं, मधला भाग जिताजागता, आणि त्याला सगळे ‘सेंटर सिटी’ म्हणतात.

माझी क्रमवारी विचाराल तर कसोटी एकच: ऑफिसं बंद असताना, शनिवारी संध्याकाळी सातला तिथे माणसं दिसतात का? इमारतींची उंची मी मोजत नाही. मिडटाउनला डाउनटाउन म्हणू दिलंत तर स्पर्धाच संपली, न्यूयॉर्क पहिलं. पण नाव आणि जागा काटेकोर धरली तर माझा पहिला नंबर शिकागोचा. तिथे शहराचं पोट एकच आहे. डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेने १८९७ पासून त्याला चौकोनी वेढा घातलाय, म्हणून भागाचं नावच ‘लूप’. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते छेदतात तिथून सगळ्या शहराचे घरनंबर सुरू होतात. वॅबॅश अ‍ॅव्हेन्यूवर रुळांखाली उभे राहा: रस्त्यावर उन्हाचे पट्टे पडलेले असतात, गाडी आली की शेजारच्याचं बोलणं अर्धवट राहतं आणि ती गेली की माणूस त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. उत्तरेला नदी ओलांडून मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर गेलं तर ते कागदोपत्री लूप नव्हे, पण मधे खंड पडत नाही. पूल संपतो, दुकानं सुरू.

दुसरं फिलाडेल्फिया, नाव वेगळं असलं तरी. तिसरं न्यूयॉर्कचं खरं डाउनटाउन, आणि तेही अलीकडच्या तीसेक वर्षांच्या जोरावर. पूर्वी तिथे संध्याकाळी शुकशुकाट असे. मग जुन्या ऑफिसांचे फ्लॅट होऊ लागले. वन वॉल स्ट्रीट ही १९३१ ची बँकेची इमारत, तिथे आता ५६६ घरं आहेत. बाबागाड्या दिसायला लागल्या की डाउनटाउन सुधारलं समजावं. सॅन फ्रान्सिस्को कोविडआधी वरच्या क्रमांकावर होतं, पण घरून काम सुरू झाल्यावर तिथली ऑफिसं जी ओस पडली ती अजून सावरतायत. ह्यूस्टन मी खाली ठेवतो. तिथल्या उन्हाळ्यात लोक जेवायला जमिनीखालच्या एसी बोगद्यांतून जातात, सुमारे दहा किलोमीटरचं जाळं आहे ते. वरचे फुटपाथ भरदुपारी रिकामे, आणि शनिवार-रविवारी बोगदेही बहुतेक बंद.

कॅलिफोर्नियातलं सॅन होजे मी यादीत घेतलंच नाही. २०२० च्या जनगणनेत ते सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा मोठं, दहा लाखांवर वस्तीचं, पण विमानतळ इतका खेटून की इमारती नव्वद मीटरच्या आसपासच थांबतात. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला तिथे गेलेल्यांना ते डाउनटाउन आहे हे पाटी वाचूनच कळलं असेल. विमानतळावरून दहा मिनिटांत हॉटेलात पोचले असतील, तेवढं खरं.