चारित्र्य पडताळणी (सरकारी नोकरी)

सरकारी नोकरीसाठी निवडलेल्या उमेदवाराची पार्श्वभूमी पोलिसांकडून तपासून घेण्याची पद्धत. निवड यादीत नाव लागले की उमेदवार साक्षांकन नमुना भरतो. त्यात मागील पाच वर्षांतले राहण्याचे पत्ते असतात, आणि कधी अटक झाली का, खटला भरला गेला का, एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, असे नेमके प्रश्न असतात. नमुना संबंधित पोलीस ठाण्यात जातो. तिथले अभिलेख पाहिले जातात, गावात पोलीस पाटलाकडे विचारपूस होते. काही आढळले नाही तर अहवालावर ‘निरंक’ असा शेरा पडतो.

घात होतो तो बहुधा एका ‘नाही’मुळे. बांधावरच्या भांडणात किंवा मोर्चात नाव आलेला मुलगा पुढे निर्दोष सुटतो आणि आता काही उरले नाही असे समजून ‘नाही’ लिहितो. प्रश्न मात्र शिक्षेपुरता नसतो. तडजोड झाली असो वा सरकारने खटला मागे घेतला असो, ‘कधी अटक झाली का’ याचे उत्तर ‘होय’च राहते. भरतीसाठी वर्षानुवर्षे पहाटे मैदानावर धावलेल्या पोराची नोकरी अशी हातातून जाते, म्हणून हे आधीच नीट सांगायला हवे.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2016 मध्ये याची चौकट घालून दिली. तरुण वयातली घोषणाबाजी किंवा तसा किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल, तर नियोक्ता तो माफ करू शकतो. गंभीर गुन्हा लपवल्यास निवड रद्द होऊ शकते. नमुन्यात जे विचारलेच नाही, ते न सांगितल्याचा ठपका ठेवता येत नाही. ही भूमिका रास्तच आहे. मात्र सगळे खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असेही नाही. सेवेत कायम झालेल्याला काढण्यापूर्वी विभागीय चौकशी आवश्यक ठरते.

बालपणी घडलेल्या गुन्ह्याची अपात्रता बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार चिकटत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलांवर प्रौढ म्हणून खटला चालतो ते याला अपवाद.

ही पडताळणी प्रवेशाच्या दारातली. सेवेतल्या अपहाराला व बेहिशेबी मालमत्तेला भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 चे कलम 13 लागते. 2018 च्या दुरुस्तीनंतरही त्यात 4 ते 10 वर्षे कारावास आहे. महाराष्ट्रात 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी अटकेच्या दिवसापासून निलंबित मानला जातो.