सिस्टर कुणामुळे टिकतात?

पुण्यातल्या बड्या खासगी रुग्णालयांत नातेवाइकांचा नेहमीचा अनुभव असा की, वर्षभराने पुन्हा भरती व्हायची वेळ आली तर वॉर्डातल्या ओळखीच्या सिस्टर फारशा दिसत नाहीत. लातूर-बीड-नांदेडकडून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून आलेली मुलगी इथे अनुभव गाठीला बांधते आणि मग सरकारी भरती, आखाती देश नाहीतर जर्मन भाषेचा क्लास, अशी कुठलीतरी वाट धरते. पगार हे त्याचं पहिलं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की, ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. तेवढंही मिळत नसेल तर बाकीच्या उपायांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

पण पगार तोच, इमारत तीच, डॉक्टरही तेच, आणि तरी एका मजल्यावरच्या सिस्टर वर्षानुवर्षं टिकतात, दुसऱ्या मजल्यावर सतत नवी भरती करावी लागते, असंही दिसतं. हा फरक बऱ्याचदा त्या मजल्याच्या इनचार्ज सिस्टरपाशी येऊन थांबतो.

अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला परिचारिकांची मोठी टंचाई होती. तेव्हा तिथल्या नर्सिंग अकादमीने प्रश्नच फिरवला : परिचारिका कुठून जातात हे राहू द्या, कुठे थांबतात ते शोधा. १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे परिचारिकांच्या मताला किंमत होती आणि वरिष्ठ त्यांच्यामागे उभे राहत होते. पुढे २००२ मध्ये आयलीन लेक यांनी कामाचं वातावरण मोजायला ३१ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्या पाच भागांपैकी एक पूर्ण भाग इनचार्जबद्दल आहे. डॉक्टरशी मतभेद झाला तरी ती आपल्या सिस्टरची बाजू घेते का? चूक झाली तर शिकवते की फैलावर घेते?

या दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व एमी एडमंडसन यांच्या संशोधनामुळे कळतं. नव्वदच्या दशकात त्या अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगली इनचार्ज असलेल्या वॉर्डात चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले, तिथेच चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की, त्या वॉर्डांत लोक चूक बोलून दाखवत होते आणि धाक असलेल्या वॉर्डांत ती दडपली जात होती.

समजा, नाईट ड्युटीवरच्या नव्या सिस्टरच्या लक्षात आलं की, बारा नंबरच्या बेडचं अँटिबायोटिक अकरा नंबरला गेलं. पेशंटला त्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे त्याच मिनिटाला बघायला हवं, डॉक्टरांना फोन करायला हवा. ती तो करेल की नाही, हे गेल्या आठवड्यात दुसऱ्या एखादीची चूक सापडली तेव्हा इनचार्ज सगळ्यांसमोर काय बोलली होती, त्यावर ठरतं. प्रत्येक ड्युटीला असा धाक घेऊन येणारी मुलगी आतून थकते. बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार गळून जातो त्यावर, संशोधन करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांनी सांगितलेल्या तीन लक्षणांत हा भावनिक थकवा पहिला आहे.

इनचार्जमुळे फरक पडतो अशी दुसरी जागा म्हणजे ड्युटी रोस्टर, कुणाची पाळी कधी याचा तक्ता. माणसाच्या शरीरातल्या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे झोप पुढे ढकलणं शरीराला त्यातल्या त्यात सोपं जातं, अलीकडे ओढणं कठीण. म्हणून मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट हा क्रम बरा. इव्हिनिंग करून लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावली की काय होतं बघा : साडेआठला ड्युटी संपते, पुढच्या पाळीला ओव्हर (पेशंटची माहिती) देऊन निघेपर्यंत नऊ, पीएमपीची बस पकडून कात्रजच्या खोलीवर पोचेपर्यंत दहा, आणि सकाळी साडेसातला पुन्हा हजर. झोप उरते किती? हे कळणारी इनचार्ज एका पैशाचा खर्च न करता सिस्टरचं आयुष्य सुसह्य करू शकते. सणाच्या सुट्ट्या ठरावीक दोघींनाच मिळत नाहीत ना, हेही तिच्याच हातात असतं.

अडचण अशी की, हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं. शिरेत सुई अचूक लावणारी, सगळ्यांत अनुभवी सिस्टर एके दिवशी इनचार्ज होते. तिला माणसं सांभाळायला शिकवता येतं का? येतं. नेतृत्व प्रशिक्षणाबद्दलच्या ३३५ नमुन्यांचं एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार सत्रं अंतराने घेतली, कामाच्या ठिकाणीच घेतली, सराव करायला लावला आणि कुठे चुकतंय ते सांगितलं, तर प्रशिक्षणाचा उपयोग जास्त होतो. हॉटेलात एक दिवस स्लाइड दाखवून प्रमाणपत्र वाटण्यापेक्षा दर पंधरवड्याला दोन तास बसवावं. राउंडमध्ये सिस्टरवर ओरडणाऱ्या डॉक्टरला कसं थांबवायचं, ते एकमेकींसमोर करून बघावं. मधल्या पंधरा दिवसांत प्रत्येक नव्या सिस्टरशी दहा मिनिटं एकटीने बोलावं आणि काय कळलं ते पुढच्या सत्रात सांगावं.

कॅनडातल्या ग्रेटा कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२९ अभ्यास तपासले. नुसतं काम उरकून घेणाऱ्यांपेक्षा नातं जपणाऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली परिचारिका जास्त समाधानी दिसल्या. यातले बरेच अभ्यास प्रश्नावलीचे, म्हणजे परिचारिकांनी स्वतः सांगितलेल्या मतांवर उभे आहेत, म्हणून आपल्या रुग्णालयांनी प्रशिक्षणाआधी आणि नंतर वॉर्डवार किती जणी सोडून गेल्या, याची साधी नोंद ठेवायलाच हवी.

आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली मनुष्यबळाचा प्रश्न झाकता कामा नये. लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या अभ्यासात दाखवलं की, एका परिचारिकेमागे एकेक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे तर इनचार्जलाच स्वतःचे पेशंट बघून इंडेंट (औषधं-सामानाची मागणी), डिस्चार्जची बिलं आणि रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या फायली सांभाळाव्या लागतात. नव्या मुलीशी बोलायची ती दहा मिनिटं तिने काढायची कुठून? फायली आणि बिलांचं काम वॉर्ड क्लार्ककडे द्या, रोस्टरमध्ये शेवटचा शब्द तिचा ठेवा, आणि हात अपुरे असताना वॉर्डात नवे पेशंट घेणं थांबवण्याचा अधिकार तिला लेखी द्या.