‘कार्ड बंद करा’ : ब्लॉक की क्लोज?

मराठीत दुकान रात्री नऊला बंद होतं आणि परळची गिरणीही बंद होते. शब्द एकच, पण दुकान सकाळी उघडतं आणि गिरणी उघडत नाही. क्रेडिट कार्डाच्या हेल्पलाइनवर हाच शब्द घोटाळा करतो. ‘माझं कार्ड बंद करा’ एवढंच सांगितलं तर पलीकडचा प्रतिनिधी कार्ड ब्लॉक करून मोकळा होऊ शकतो. ग्राहक प्लास्टिक कापून कचऱ्यात टाकतो, आणि काही महिन्यांनी वार्षिक शुल्काचं बिल दारात उभं राहतं.

ब्लॉक होतो तो कार्डाचा नंबर. क्लोज होतं ते त्यामागचं खातं. बँकेच्या यंत्रणेत या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. बिलाची तारीख, क्रेडिट लिमिट, वार्षिक शुल्क, ईएमआय आणि रिवॉर्ड पॉइंट हे सगळं खात्याला चिकटलेलं असतं, नंबराला नाही. म्हणून कार्ड हरवल्यावर ब्लॉक करून नवं मागवलं की पॉइंट सहसा जिथल्या तिथे राहतात. खातं क्लोज केलं की बहुतेक बँकांत ते जातात.

अ‍ॅपमधलं ‘ऑन-ऑफ’ बटण हे ब्लॉकसुद्धा नव्हे. ऑनलाइन, परदेशी किंवा टॅप करून होणारे व्यवहार ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये ती सोय सक्तीची केली. कार्ड घरातच कुठेतरी असेल अशी शंका असताना हे बटण पुरतं. नंबर चोरीला गेला असेल तर पुरत नाही, तिथे ब्लॉकच हवं.

ब्लॉकमध्ये घाई महत्त्वाची. आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले, आणि त्या व्यवहाराचा बँकेचा संदेश आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही, असा 2017 चा नियम आहे. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. त्यामुळे आधी ब्लॉक, मग 1930 वर सायबर तक्रार. फसव्या व्यवहाराची रक्कम परत आली की त्यावर मिळालेले पॉइंटही काढून घेतले जातात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हेल्पलाइनचा नंबर मात्र गुगलवर शोधू नये. तो स्टेटमेंटवर किंवा अ‍ॅपमध्ये असतो. ‘तुमचे पॉइंट आज संपत आहेत’ असं सांगून लिंक पाठवणारा मेसेज सरळ उडवावा.

क्लोज करताना उलट सावकाशीने जावं, आणि सुरुवात पॉइंटपासून. समजा 8,400 पॉइंट आहेत आणि एका पॉइंटला 25 पैसे मिळतात, म्हणजे 2,100 रुपये. वापरण्याचं शुल्क 99 रुपये असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 116.82 रुपये जातील. हे शुल्क बिलात येतं, म्हणून पॉइंट वापरल्या दिवशीच क्लोजची विनंती करू नये. ताज्या खरेदीचे पॉइंट जमा व्हायला काही कार्डांवर पुढच्या स्टेटमेंटपर्यंत वेळ लागतो, तोवर थांबावं. ऑनलाइन परत केलेल्या वस्तूचा रिफंड यायचा असेल तरीही थांबावं.

मग ईएमआय. एक हप्ता जरी बाकी असला तरी तो आधी फेडावा लागतो, मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागतं ते वेगळं. विजेचं बिल, ओटीटी, विमा यांचे ऑटो-पे दुसरीकडे वळवावेत. घरच्यांकडे अ‍ॅड-ऑन कार्ड (आपल्याच खात्यावर घेतलेलं जोडकार्ड) असेल तर मुख्य खात्याबरोबर तेही जाईल, त्यांना आधी सांगा.

सर्वांत जास्त अडतं ते शिल्लक व्याजावर. पूर्ण बिल न भरता रक्कम पुढे ओढली असेल, तर स्टेटमेंट निघाल्यानंतरच्या दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं. 20,000 रुपये बाकी, दर महिना 3.5 टक्के (म्हणजे वर्षाला 42), आणि स्टेटमेंटनंतर 9 दिवसांनी सगळे भरले : व्याज सुमारे 207 रुपये, जीएसटी धरून 244. ग्राहकाच्या लेखी हिशेब मिटलेला असतो, बँकेच्या लेखी थकबाकी असते. एवढ्याशा रकमेवर क्लोजची विनंती अडकते.

आणि इथेच नियमाची मेख आहे. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये आणलेल्या नियमानुसार, सगळी देणी चुकती असतील तर विनंतीपासून 7 कामकाजाच्या दिवसांत खातं बंद व्हायलाच हवं. उशीर झाला तर दर दिवसामागे 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात, पण खात्यात थकबाकी नसेल तरच. ते 244 रुपये राहिले की हा हक्कही गेला. ‘अर्ज पोस्टाने पाठवा’ असा आग्रह बँकेला धरता येत नाही. हेल्पलाइन, ईमेल, नेटबँकिंग, अ‍ॅप असे मार्ग तिने खुले ठेवायचे आहेत. खात्यात जादा जमा असेल तर ती आपल्या बँक खात्यात वळती व्हायला हवी.

फोनवर विनंती केली की बहुधा मनधरणी सुरू होते : शुल्क माफ, जादा पॉइंट, दुसरं कार्ड. शुल्कमाफी हवीच असेल तर ती घ्यावी, पण ‘किती खर्च केल्यावर?’ हे विचारून. नको असेल तर फोनपेक्षा लेखी बरं :

‘माझ्या क्रेडिट कार्डाचं खातं (शेवटचे चार अंक अमुक) कायमचं क्लोज करावं. बदली कार्ड नको. थकबाकी शून्य आहे. ही ब्लॉकची विनंती नाही. विनंती क्रमांक आणि क्लोज झाल्याची तारीख लेखी कळवावी.’

इंग्रजीत लिहिलं तरी ‘अकाउंट’ आणि ‘क्लोज’ हे दोन शब्द हवेतच. ‘कॅन्सल’ टाळावं, त्याचा अर्थ कुणी कसाही लावतो. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, पिन यांतलं काहीही मेलमध्ये नको.

उत्तरात काय शब्द येतो ते नीट वाचा. ‘तुमचं कार्ड ब्लॉक केलं आहे’ असा एसएमएस आला तर काम झालेलं नाही, पुन्हा लिहा. क्लोज झाल्याचं आलं तरी पुढचं एक स्टेटमेंट येतं का पाहा, आणि महिनाभराने क्रेडिट रिपोर्टमध्ये (आपल्या कर्ज-कार्डांच्या नोंदींचा अहवाल) ते खातं बंद दिसतं का तेही तपासा.

कामकाजाचे सात दिवस उलटले तर पुढची पायरी तक्रार. विनंती क्रमांक म्हणजे तक्रार क्रमांक नव्हे, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनामूल्य जाता येतं, माहितीसाठी 14448. सोबत तीन कागद जोडावेत : क्लोजचा मेल, शून्य थकबाकीचं स्टेटमेंट, आणि आला असेल तर ‘ब्लॉक’ लिहिलेला तो एसएमएस.